दोन गाठींच्या मधे

पहिली गाठ बसते तेव्हा पाऊस पत्र्यावर आदळत असतो. साल १९८४, महिना ऑगस्ट. तालुक्याच्या गावातलं एक कॉलेज, झूऑलॉजीची लॅब, एफ.वाय.बी.एस्सी.ची दुसरी बॅच. तुमच्या अंगावर मागून आणलेला पांढरा ॲप्रन आहे आणि खिशावर कुणाच्या तरी जुन्या पेनाचा निळा डाग. फॉर्मॅलिन, क्लोरोफॉर्म आणि ओलं गोणपाट यांचा मिळून झालेला वास नाकात बसला आहे. आज घरी गेल्यावर तो जेवणाच्या ताटापर्यंत येणार.

समोर मेणाचा ट्रे. त्यात पाण्याखाली उताणा पडलेला बेडूक, चारही पायांना टाचण्या. जर्नलात तुम्ही त्याचं नाव ‘राना टायग्रिना’ असं लिहून खाली रेघ ओढली आहे. पुढे हे नाव बदलून होप्लोबॅट्रेकस टायगरिनस होणार, पण इथे ते कुणाच्या गावीही नाही. तुम्ही बोलू नका. १९८७ मध्ये बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद होईल, २०१४ मध्ये यूजीसी हे ट्रेच कॉलेजातून उचलायला लावेल, हेही सांगू नका. कोपऱ्यातल्या गोणीत अजून काहीतरी हलतं आहे आणि लॅबचे मामा तिच्यावर पाणी शिंपडत आहेत. पुढच्या बॅचला ताजे बेडूक लागतात.

पोटावरची कातडी कापून दोन्ही बाजूंना टाचली आहे. खालच्या पातळ स्नायूंतून, बरोबर मधल्या रेषेवर, एक काळपट निळी शीर दिसते. अँटेरियर ॲब्डॉमिनल व्हेन.

“मधोमध कापायचं नाही,” सर मागून म्हणतात. “जरा बाजूने जा. शीर फुटली की ट्रेभर लाल पाणी, मग डोकं फोडलंत तरी काही दिसणार नाही. आधी शिरेखालून दोरा घाला. दोन गाठी मारा, मधे कापा.”

एक गाठ झाली आहे. पार्टनरच्या हातात चिमटा, तुमच्या हातात दोऱ्याचं दुसरं टोक. बेडूक मेला आहे असं आपण म्हणतो खरं, पण छातीच्या हाडाखाली काहीतरी ठरावीक तालात उचलतं आणि बसतं आहे. बेडकाच्या हृदयाला कुणी कळवलेलं नाही.

अर्ध्या तासापूर्वी हाच बेडूक ओल्या फडक्यात गुंडाळून फळीवर बांधला होता. फळीच्या भोकावर त्याच्या मागच्या पायाच्या बोटांमधला पडदा ताणलेला, वर मायक्रोस्कोप. तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही एक डोळा मिटून वाकलात आणि बराच वेळ उठलाच नाहीत. लांबट गोल पेशी, प्रत्येकीच्या पोटात एक ठिपका, एकामागोमाग एक निघालेल्या. अरुंद वळणावर एखादी दुमडायची, अंग चोरून पलीकडे जायची आणि परत सरळ व्हायची. पंढरीच्या वाटेवर अरुंद पुलाशी आलेली दिंडी अशीच एकेरी होते. मागून पोरं ढकलायला लागली म्हणून तुम्हाला उठावं लागलं.

ते रक्त पायातून कुठे जातं, हा आजचा धडा. तुमच्या-माझ्या पायातलं रक्त केशवाहिन्यांच्या एका जाळ्यातून गेलं की सरळ हृदयाची वाट धरतं. बेडकाच्या मांडीतून वर आलेली शीर ओटीपोटात शिरताच दुभंगते. एक फाटा पाठीच्या बाजूने मूत्रपिंडाच्या बाहेरच्या कडेला जातो आणि तिथे पुन्हा केसासारख्या वाहिन्यांत विखुरतो. ती रीनल पोर्टल. दुसरा फाटा पोटाच्या बाजूला येतो, पलीकडच्या पायाकडून आलेल्या आपल्या जोडीदाराला मिळतो, आणि दोघांची मिळून ही मधली निळी शीर होते. ती मूत्राशयाकडून येणारी एक बारीक शीर सोबत घेऊन थेट यकृतात शिरते आणि तिथे विखुरते. म्हणजे कोणत्याही वाटेने जा, हृदयाच्या आधी दुसरं जाळं आहेच. जकात दोनदा. पोर्टल या शब्दामागचा लॅटिन ‘पोर्टा’ म्हणजे दार. यकृताच्या ज्या खाचेतून शिरा आत जातात तिला जुन्या वैद्यांनी दार म्हटलं, आणि दारातून जाणारी शीर ती दाराची. आपण वेस म्हणू. गावात शिरण्याआधी जिथे थांबावंच लागतं, ती.

“रीनल पोर्टलचं फंक्शन?” सर विचारतात.

“रक्त गाळणं, सर,” पार्टनर गाईडातलं वाक्य म्हणून दाखवते.

“मग मूत्रपिंडाला धमनी कशाला येते? ती काय करते?”

कुणी बोलत नाही. पत्र्यावरचा पाऊस तेवढा वाढतो.

“दुसरी गाठ मारेपर्यंत विचार करा,” म्हणून सर पुढच्या टेबलाकडे सरकतात.

आता तुम्ही दोऱ्याचं टोक शिरेखालून ओढता आणि गाठीची जागा बघायला हातातलं भिंग डोळ्याशी नेता. भिंगातला प्रकाश पिवळा होतो. ट्यूबलाइटचा नाही हा. उन्हाचा.

भिंग खाली घेतलंत तर लॅब नाही. १६६१ सालचं बोलोन्या. दिवस कलला आहे आणि खिडकीतून सूर्य आडवा आत येतो आहे. तेहतीस वर्षांचा एक माणूस त्या उन्हासमोर एकाच भिंगाचं साधन धरून बसला आहे. भिंगासमोर फुगवून वाळवलेलं, कागदासारखं पातळ झालेलं बेडकाचं फुप्फुस आहे. हा मार्चेल्लो माल्पिघी. तुम्ही त्याला दिसत नाही, तेव्हा हवं तितकं जवळ जा.

त्याची अडचण तुम्हाला सांगूनही खरी वाटणार नाही. विल्यम हार्वे १६२८ मध्ये, म्हणजे माल्पिघी जन्मला त्याच वर्षी, सांगून गेला की रक्त धमन्यांतून जातं आणि शिरांतून परत येतं. पण धमनी संपते तिथून शीर सुरू होते तिथपर्यंत रक्त कसं पोचतं, हे हार्वेने कधी पाहिलं नाही. तो १६५७ मध्ये गेला. सिद्धांताच्या मधोमध भोक होतं आणि लोक ते कल्पनेने बुजवत होते. रक्त म्हणे मांसात सांडतं आणि पलीकडे पुन्हा गोळा होतं, पावसाचं पाणी जमिनीत मुरून विहिरीत उतरतं तसं.

माल्पिघी भिंग जरा तिरकं करतो. त्याच्या खांद्यावरून तुम्हालाही दिसतं. पाणी मुरलेलं नाही. बारीक नळ्यांचं जाळं आहे, एका बाजूला धमनीला जोडलेलं, दुसऱ्या बाजूला शिरेला. कुठेही काही सांडत नाही. हे तो पिसाला आपल्या मित्राला, बोरेल्लीला पत्रातून कळवतो. पत्रं दोन आहेत आणि त्यांत एके ठिकाणी तो कबूल करतो की या कामापायी मी बेडकांचा जवळपास वंशच संपवत आणला. हे तो गमतीने लिहितो. तुमच्या डोळ्यांसमोर मात्र कोपऱ्यातली गोणी येते.

बेडूकच का, हे त्याच्या टेबलावर पाहिलंत की विचारावं लागत नाही. मेंढीचं फुप्फुस जाड, त्यातून प्रकाश जात नाही. बेडकाचं म्हणजे दोन फुगे. पोटातलं बाकीचं सामानही पातळ आणि उघडं. पुढची अडीचशे वर्षं शरीरशास्त्राने बेडकाचा पिच्छा सोडला नाही, त्यामागे प्रेम नव्हतं. बेडकाच्या आत बघता येतं एवढंच.

पाच वर्षांनी, १६६६ च्या त्याच्या पुस्तकात, हाच माणूस मूत्रपिंडातल्या धमनीत मद्यार्क मिसळलेलं काळं द्रव सोडतो आणि आतल्या बारीक फांद्यांना लटकलेले गोळे काळे होताना पाहतो. झाडाला सफरचंदं लागावीत तसे. आज आपण त्यांना केशिकागुच्छ म्हणतो. लक्षात ठेवा, ते काळे झाले धमनीतून आलेल्या रंगाने. त्याला तेव्हा उलगडलं नाही की सरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

कोपनहेगन तुम्ही जवळपास चालत्या गाडीतूनच पाहता. १८२१. लुडविग याकोबसन एका लॅटिन ग्रंथात दाखवतो की अनेक प्राण्यांत मागच्या धडाचं शिरांतलं रक्त मूत्रपिंडात शिरून विखुरतं. या शिरेला पुढे काही काळ त्याचंच नाव होतं. सस्तन प्राण्यांत ही वाट नाही. आपल्यात यकृताची वेस शिल्लक आहे, मूत्रपिंडाची गेली. याकोबसनने वाट शोधली, पण त्या वाटेवर काम काय चालतं ते ठरायला अजून शंभर वर्षं लागणार आहेत.

आता बॉन, १८७८. इथे थांबा आणि खुर्ची असेल तर बसा.

तुम्ही आलात ते भांडणाच्या मधे. कार्ल लुडविग म्हणत आला आहे की मूत्रपिंड ही गाळणी आहे. केशिकागुच्छात रक्ताच्या दाबाने पाणी आणि त्यात विरघळलेलं, प्रथिनं सोडून, सगळं गाळून निघतं आणि पुढे गुच्छाला जोडलेल्या बारीक नळीत हवं ते परत शोषलं जातं. ब्रेस्लाउचा हायडेनहाइन म्हणतो, छे, नळीच्या पेशी स्वतः कष्ट करून पदार्थ बाहेर टाकतात. दोघंही हुशार, दोघांकडेही प्रयोग. कुत्र्या-सशाच्या मूत्रपिंडात हे भांडण मिटणं कठीण, कारण तिथे रक्त एकाच वाटेने येतं. आधी गुच्छात, मग त्यातूनच निघून नळीभोवती. एक बंद केलं की दुसरंही बंद. दिव्याचं आणि पंख्याचं बटण एकच असलेल्या खोलीत पंखा बिघडलाय की नाही हे कसं ठरवणार?

मॉरिट्झ नुसबाउमच्या टेबलावर बेडूक आहे, आणि बेडकाच्या मूत्रपिंडाला दोन बटणं आहेत. गुच्छाला रक्त येतं ते धमनीचं. नळ्यांभोवतीच्या जाळ्यात मात्र दोघांचं, गुच्छातून बाहेर पडलेलं धमनीचं रक्त आणि पोर्टल शिरेने पायाकडून आलेलं रक्त. म्हणजे धमनी बांधली तर गाळणी बंद पडायला हवी, पण नळ्या पोर्टलच्या जिवावर चालू राहायला हव्यात.

तो धमन्यांभोवती दोरा घालतो. तुमच्या बोटांना तो दोरा ओळखीचा वाटतो. तसाच बारीक, तशीच गाठ. फरक एवढाच की तुम्ही शीर बांधता आहात आणि तो धमनी.

मग तो रक्तात साखर सोडतो. बेडकाच्या लघवीत साखर उतरत नाही. अंड्याचा पांढरा बलक सोडतो, तोही उतरत नाही. दोरा नसता तर दोन्ही उतरले असते. मग युरिया सोडतो, आणि युरिया उतरतो. म्हणजे काही गोष्टी गाळणीच्या वाटेच्या, काही नळीच्या? किती नीटनेटकं उत्तर! तुम्हाला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. जरा थांबा. थोड्याच वर्षांत शंका येतात की बेडकाच्या मूत्रपिंडाला धमन्या अनेक, शेजारपाजारच्या वाहिन्यांतूनही थोडं रक्त गुच्छांत पोचत असेल. बटण बंद केलं तरी दिवा मंद जळत असेल तर पंख्याबद्दलचा निष्कर्ष कच्चा राहतो. मला मात्र नुसबाउमचा प्रयोग चुकला असं म्हणवत नाही. प्रश्न कुठे विचारायचा ती जागा त्याने शोधली. उत्तर तिथून निघालं नाही म्हणून जागा खोटी ठरत नाही.

फिलाडेल्फिया. १९२१. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या औषधशास्त्राच्या खोलीत आल्फ्रेड न्यूटन रिचर्ड्स आणि तिशीच्या आतला जोसेफ वर्न आहेत. इथे कुणी कुणाशी फारसं बोलत नाही, कारण टेबलाला धक्का लागला तर सकाळपासूनचं काम जातं. बेडकाचं पोट उघडून त्याचं चपटं, पातळ मूत्रपिंड मायक्रोस्कोपखाली आणलं आहे. पोटाकडच्या बाजूला गुच्छ पृष्ठभागाशीच आहेत. वर्न बाजूला होतो तेवढ्यात तुम्ही वाका.

सकाळी पायाच्या पडद्यात पाहिली तीच दिंडी, पण इथे ती एका गोळ्यात शिरून गरगर फिरते आणि बाहेर पडते. गोळ्याभोवती काचेच्या वाटीसारखं पातळ आवरण, बोमनचं. गुच्छ आणि आवरण यांच्यामधल्या फटीत, असलंच तर, गाळून निघालेलं पाणी असायला हवं. कित्येक दशकं लोक भांडले ते या फटीवरून, आणि त्या फटीत हात घालायची सोय कुणाकडे नव्हती.

वर्न काचेची नळी ओढून केसाहून बारीक केलेली सुई त्या आवरणातून आत सरकवतो. नळीत पारा आहे. पाऱ्याची पातळी खाली आणली की फटीतलं द्रव हळूहळू वर ओढलं जातं. किती हळू, ते विचारू नका. बराच वेळ धीर धरून बसलं की एका थेंबाचा लहानसा अंश मिळतो आणि एवढ्याशा द्रवात काय आहे ते शोधायच्या पद्धतीही त्यांना स्वतःच बसवाव्या लागतात.

१९२४ मध्ये त्यांचा निबंध छापून येतो तेव्हा भांडणातला मोठा भाग निकालात निघतो. गुच्छातून आलेल्या पाण्यात प्रथिनं नाहीत, पण साखर आहे, क्षार आहेत. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत साखर नाही, क्षारही जवळजवळ नाहीत. म्हणजे वर गाळलं गेलं आणि खाली नळीत जे उपयोगाचं ते परत घेतलं गेलं. लुडविग बराचसा बरोबर होता. हायडेनहाइनही सपशेल चूक नव्हता. नळी काही पदार्थ स्वतःच्या कष्टाने बाहेर टाकते हेही पुढे सिद्ध झालं. दोन्ही पक्षांना थोडं थोडं मिळालं की आपल्याकडे त्याला तडजोड म्हणतात. इथे ती मूत्रपिंडाने आधीपासून करून ठेवलेली होती.

तुम्ही सुईच्या टोकाकडे बघत असता आणि तुमच्या बोटांत दोरा काचतो.

पत्र्यावर पाऊस आहे. पार्टनर चिमटा धरूनच उभी आहे. “ए, ओढ ना,” ती म्हणते. “सर आले.”

“हां, बोला,” सर म्हणतात. “धमनी कशाला?”

तुम्ही जरा चाचरता, मग सांगता. गाळायचं काम धमनीच्या रक्ताचं, कारण गाळायला दाब लागतो. पोर्टलचं रक्त पायातल्या एका जाळ्यातून आधीच आलेलं, त्याच्यात तेवढा जोर उरलेला नाही. ते गाळणीत जात नाही, नळ्यांभोवती जातं. नळ्यांना रक्त पुरवतं, आणि नळ्या त्यातून काही बाहेर टाकतात. बेडूक पाणी पीत नाही, कातडीतून घेतो. पावसाळ्यात डबक्यात बसला की अंगात पाणी शिरतच राहतं, ते बाहेर काढायला गाळण्या जोरात चालतात. कोरड्यात पाणी वाचवायचं म्हणून तो गाळण्या मंदावतो, कित्येक बंदही ठेवतो. तेव्हा धमनीकडून नळ्यांकडे फारसं येत नाही. मागच्या पायांकडून येणारं रक्त त्यांना जगवतं.

“गाईडात नाही हे,” पार्टनर पुटपुटते.

सर तुमच्याकडे पाहत नाहीत. ते ट्रेवर वाकतात, दोऱ्याला नख लावून बघतात. “पहिली गाठ ढिली आहे. परत मारा,” म्हणतात आणि जाता जाता थांबतात. “ही शीर बांधलीत की पायांचं रक्त कुठे जाईल?”

तुम्ही पहिली गाठ नव्याने आवळता. मग अर्ध्या सेंटीमीटरवर दुसरी. यकृताची वाट बंद. छातीच्या हाडाखालचा ठोका चालू आहे, जरा मंद, पण चालू. तो थांबेपर्यंत मागच्या पायांतलं जे काही रक्त वर येईल, त्याला मूत्रपिंडाच्या वेशीतूनच जावं लागणार.

“मूत्रपिंडाकडे, सर,” तुम्ही म्हणता. पण ते पुढच्या टेबलावर पोचलेले असतात. तिथे कुणाची तरी शीर फुटली आहे.

तुम्ही कात्री दोन गाठींच्या मधे धरता आणि दाबता. शिरेची दोन टोकं जराशी मागे सरतात. ट्रेमधलं पाणी लाल होत नाही.